राळेगांवांत काढण्यासारखें काय आहे?

"राळेगांवांत काढण्यासारखें काय आहे?" हा प्रश्न गेल्या हिंवाळ्यांत पुण्यांतील एका चित्रप्रदर्शनाच्या समारोपप्रसंगीं एका विद्वान् वक्त्यांनीं मला विचारला. विचारतांना त्यांच्या मनांत कुचेष्टा नव्हती, हें प्रारंभींच सांगून टाकतों. मी वर्षांतून दोनदां मोटारीनें यवतमाळ जिल्ह्यांतील आपल्या गांवीं जातों आणि वाटेंत रंगांची पेटी उघडून रस्त्याच्या कडेला बसतों, हें कोणाकडून तरी त्यांच्या कानावर गेलें होतें. मी वाई, महाबळेश्वर, गुहागर किंवा बनारस हें नांव घेतलें असतें तर त्यांनीं संतोषानें मान डोलावली असती. राळेगांव म्हटल्यावर ते थबकले, हंसले, आणि वरील प्रश्न विचारून चहाच्या पेल्याकडे वळले. प्रश्न निष्कपट होता म्हणूनच त्याचें उत्तर देणें मला अगत्याचें वाटतें. कुचेष्टा हंसून सोडून देतां येते. परंतु सुशिक्षित, सहृदय, चित्रांची खरी आवड असलेला मनुष्य जेव्हां सहजगत्या असा प्रश्न विचारतो, तेव्हां आपल्या सबंध वर्गाच्या डोळ्यांना जें वळण लागून गेलें आहे तेंच त्याच्या तोंडून बोलत असतें.

त्याच दिवशींच्या भाषणांत या वळणाचें शास्त्रही त्यांनीं मांडलें होतें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, उघड्यावर बसून निसर्गचित्र काढण्याचा काळ आतां गेला. ही हौस साहेबाबरोबर आली आणि तिचें काम संपलें. आतां प्रत्येकाच्या खिशांत उत्तम कॅमेरा आहे, तेव्हां प्रवासांत शें-दोनशें छायाचित्रें घ्यावीं, घरीं येऊन त्यांतील वेंचक निवडावीं आणि पंख्याखालीं बसून शांतपणें रंगवावें. आणि मुळांत रंगविण्यासारखें स्थळ निवडणें हीच निम्मी कला होय. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या. मींही वाजविल्या, कारण शेजारच्या गृहस्थांनीं वाजविल्या. घरीं परततांना मात्र मला त्या टाळ्यांची लाज वाटूं लागली.

भोंवतालच्या भिंतींवर या शास्त्राचा प्रयोग टांगलेलाच होता. वांकलेल्या माडांखालीं लाल कौलांचीं घरें होतीं. मेणवलीचा घाट तीन वेळां होता. बनारसच्या पायऱ्या आणि वेताच्या छत्र्या होत्या. आणि एका कोपऱ्यांत, कोणाच्या तरी परदेशवारीची खूण म्हणून, व्हेनिस शहर होतें. चित्रांत कसब होतें, हें मी नाकारीत नाहीं. पण तीं पाहून एखाद्या परक्यानें महाराष्ट्राचा नकाशा काढला असता तर अजिंठ्याच्या पूर्वेस त्याला समुद्रच दाखवावा लागला असता.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं स्वतःचा कबुलीजबाब देणें भाग आहे. नोकरीनिमित्त पुण्यास राहूं लागल्यापासून वीसएक वर्षें मींही हेंच केलें. रविवारीं मेणवली, सुटींत हर्णैचा किनारा, कधीं नाशिकचें गोदापात्र. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळचें ऊन कसें तिरपें उतरतें तें मला पाठ झालें होतें. जेथें पायऱ्या नाहींत तेथें ऊन काय करतें, याचा विचार मीं केला नव्हता. आणि याच वीस वर्षांत दिवाळींत व उन्हाळ्यांत मी सहाशें किलोमीटरांचा पल्ला गांठून घरीं जात होतों. पुणें, नगर (आतांचें अहिल्यानगर), छत्रपति संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, मालेगांव, कारंजा, दारव्हा, यवतमाळ, कळंब आणि राळेगांव असा तो रस्ता. त्या प्रवासांत रंगांची पेटी घरींच राही. "वाटेंत आहे काय काढायला?" असें मीच म्हणत असें. फार तर मेहकरहून वांकडी वाट करून लोणारच्या सरोवरावर जावें, कारण तें जगप्रसिद्ध आहे. तेव्हां आमच्या वक्त्यांनीं मला जो प्रश्न विचारला तो मीं स्वतःला वीस वर्षें विचारलेला होता. फरक इतकाच कीं, मला त्याचें उत्तर हळूहळू मिळत गेलें, आणि तें मिळण्यासाठीं मला रस्त्याच्या कडेला बसावें लागलें.

"प्रेक्षणीय स्थळ" ही कल्पना कोठून आली हें पाहूं गेल्यास मोठी मौज वाटते. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील हौशी प्रवासी खिशांत एक काळसर, किंचित् फुगीर आरसा बाळगीत. क्लोद लोरेन या सतराव्या शतकांतील फ्रेंच चित्रकाराच्या नांवानें तो ओळखला जाई. कारण त्यांत उमटणारा देखावा त्याच्या चित्रांसारखा मऊ, सोनेरी आणि आटोपशीर दिसे. आरसा वापरण्याची रीत अशी कीं, प्रवाशानें डोंगराकडे किंवा सरोवराकडे पाठ करावी, आरसा डोळ्यांसमोर धरावा, आणि खांद्यावरून मागचें जें दिसेल तें आरशांत पाहावें. 'एलेजी'चा कर्ता म्हणून आपल्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांना परिचित असलेला कवि टॉमस ग्रे १७६९ सालीं इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशांत हिंडत असतां हा आरसा हातांत उघडा धरून चालला होता, आणि एका चिखलाच्या वाटेंत उताणा पडला. बोटांचे सांधे सोलवटले, एवढ्यावरच निभावलें. आज कोणत्याही घाटमाथ्यावर दरीकडे पाठ करून, हातांतील कांचेंत स्वतःसकट दरी पाहणारी मंडळी दिसली कीं मला ग्रेची आठवण होते.

हा आरसा मनांत घेऊनच इंग्रज चित्रकार आपल्याकडे आले. टॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे १७८६ पासून १७९३ पर्यंत हिंदुस्थानांत हिंडले आणि पुढें त्यांनीं आपल्या चित्रांचे मोठाले संच लंडनांत प्रसिद्ध केले. त्यांत देवळें आहेत, धबधबे आहेत, किल्ले आहेत, पडके वाडे आहेत. नुसतें शेत शोधूनच काढावें लागेल. तेव्हां निसर्गचित्र ही साहेबाची हौस, हें आमच्या वक्त्यांचें विधान अर्धें खरें आहे. पण अर्धेंच. त्याच इंग्लंडांत जॉन कॉन्स्टेबल नांवाचा एक पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा होऊन गेला. समकालीन चित्रकार इटलीला आणि डोंगराळ मुलुखांत धांवत असतां यानें जन्मांत देश सोडला नाहीं. बापाची गिरणी, गांवची नदी, कालव्यावरचे नावाडी, पाण्यांत उभी राहिलेली गवताची गाडी हेंच तो काढीत बसला. ती गाडी १८२१ सालीं काढली, आणि १८२४ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत तिला सुवर्णपदक मिळालें. १८२१ व १८२२ या दोन वर्षांत तो लंडनजवळच्या टेकडीवर बसून नुसते ढग रंगवीत होता, आणि कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ आणि वारा कोणत्या दिशेचा तें लिहून ठेवीत होता. त्याचीं मोठीं चित्रें पुढें चित्रशाळेंतच पुरीं झालीं, हें आमच्या वक्त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु चित्रशाळेंत जाण्यापूर्वीं तो शेतांत बसला होता. आमचे वक्ते शेताचा टप्पा वगळून एकदम चित्रशाळेंत जाऊं म्हणतात.

आपल्याकडेही असा एक मनुष्य झाला. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकले, शाहूमहाराजांच्या आश्रयास राहिले आणि १९३१ सालीं वारले. मुंबईंत राहून नांव आणि पैसा मिळविण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. ते कोल्हापुरास परतले आणि आयुष्यभर कोटितीर्थाच्या तळ्याचा परिसर पुन्हां पुन्हां काढीत राहिले. कोटितीर्थ हें कांहीं त्या काळचें जगप्रसिद्ध स्थळ नव्हे. गांवाकडेचें एक तळें. आज तें पाहण्यासारखें वाटतें तें आबालालांनीं पाहिलें म्हणून. तंत्र साहेबाचें होतें, हें मान्य. पण रेल्वे आणि छापखानाही साहेबाचाच होता. म्हणून आपण पायीं चालत नाहीं कीं पोथ्या हातानें उतरून घेत नाहीं.

आणि जागेकडे निरखून पाहण्याची दृष्टि तरी सर्वस्वीं परकी आहे काय? महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशतीच्या कवींना कपाशीच्या शेताची पहिली नांगरणी हा काव्याचा विषय वाटला होता. त्या गाथेंत नांगराची पूजा करणाऱ्या बाईचे हात थरथरतात, आणि कां थरथरतात हें जाणकारांस ठाऊक आहे. आमच्याच वऱ्हाडांत वावरलेल्या चक्रधरस्वामींच्या मागें महानुभावांनीं 'स्थानपोथी' रचली. तींत स्वामी कोठें उतरले, तें देऊळ कोणत्या दिशेस आहे, दार कोणीकडे आहे, हें इतक्या बारकाईनें नोंदलें आहे कीं, वाचतांना मनुष्य तेथें उभा असल्यासारखा वाटतो. तो ग्रंथ भक्तीचा आहे, चित्रकलेचा नव्हे. तथापि ज्या लोकांनीं एका साध्या ओट्याची दिशा शतकानुशतकें विसरूं दिली नाहीं, त्यांच्या वंशजांना आपल्या जिल्ह्यांत "काढण्यासारखें" कांहीं दिसूं नये, ही दृष्टीची वाढ म्हणावी कीं घट?

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. राळेगांवांत काढण्यासारखें काय आहे?

पहिली गोष्ट, काळी जमीन. जो तिला काळी म्हणतो त्यानें ती पाहिलेली नाहीं. मी पहिल्यांदा ती काढावयास बसलों तेव्हां पेटींतील काळा रंग घेतला आणि कागदावर डांबर ओतल्यासारखें झालें. मे महिन्यांत ती राखेसारखी करडी असते, भेगांच्या कडा मात्र तपकिरी दिसतात. पहिल्या पावसानंतर तिच्यांत निळी झांक येते. वखर फिरल्यावर ओळींच्या एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला जांभळट सांवली असते, आणि सूर्य जसा चढतो तशी ती सांवली मिटत जाते. ती साधण्यास गडद निळा आणि जळका तपकिरी हे दोन रंग एकमेकांत मुरूं द्यावे लागतात. काळ्या रंगाची नळी पेटींत नसली तरी चालतें. ही एक गोष्ट शिकण्यास मला तीन दिवाळ्या लागल्या.

दुसरी गोष्ट, कपाशी. पारदर्शक जलरंगांत पांढरा रंग नसतो. पांढरें म्हणजे कोरा राहिलेला कागद. तेव्हां फुटलेलें बोंड काढणें म्हणजे बोंड सोडून बाकी सर्व काढणें: पानें, फांद्या, मधल्या तुरीच्या ओळी, मातीचा तुकडा, वेंचणीला आलेल्या बायांचीं लुगडीं आणि त्यांच्या कंबरेला बांधलेल्या ओट्या. कुंचला एकदां चुकून त्या कोऱ्या ठिपक्यावरून फिरला कीं बोंड गेलें. मग तें परत आणण्याचा उपाय नाहीं. मेणवलीच्या घाटावर वीस वर्षांत जेवढा हात वळला नाहीं तेवढा या एका शेतानें वळविला. फ्रान्समध्यें मोने नांवाच्या चित्रकारानें १८९० च्या सुमारास घराशेजारच्या शेतांतील गंजी वेगवेगळ्या उजेडांत सुमारें पंचवीस वेळां काढल्या, हें आमचे रसिक कौतुकानें सांगतात. आमच्याकडे धुऱ्याधुऱ्यावर कडब्याच्या गंजी उभ्या असतात. पण त्यांना फ्रेंच नांव नाहीं.

आणखी किती सांगावें? होळीच्या सुमारास पानें गळालेल्या पळसावर फुलें येतात तेव्हां झाड दिसत नाहीं, नुसती आंच दिसते, आणि तिच्यामागचा साग त्या वेळीं इतका निष्पर्ण आणि करडा असतो कीं, कोणी मुद्दाम पार्श्वभूमि म्हणून उभा केला असावा. गांवांतून शेताकडे जाणारी पांदण, दोहों बाजूंस बाभळी, मध्यें चाकोऱ्यांत सांचलेलें पाणी. तालुक्याच्या सीमेवरून जाणारी वर्धा नदी, उन्हाळ्यांत वाळूच्या रुंद पट्ट्यांतून बारीक होऊन वाहणारी. हा प्रदेश उंच नाहीं, खोल नाहीं, हें खरें. पण सपाट भूमीवर आकाश तीन चतुर्थांश कागद घेतें, आणि आकाश काढण्यास घाबरणारे चित्रकार डोंगराच्या आश्रयास जातात असा माझा जुना संशय आहे.

उन्हाळ्यांतील अडचण मी लपवीत नाहीं. मे महिन्यांत पारा पंचेचाळिसाच्या घरांत गेला म्हणजे रंगाचा हात फिरवून कुंचला परत पाण्यांत बुडेपर्यंत कागद कोरडा ठणठणीत होतो. पाण्यांत ग्लिसरिनचे चार थेंब टाकावे, सकाळीं सहाला बसावें आणि साडेआठला उठावें. आमच्या सौ. तोंवर मोटारींत बसून मासिक वाचतात. साडेआठला त्या भोंगा वाजवितात, आणि त्यापुढें कलेचा विचार करतां येत नाहीं.

पण हें सर्व छायाचित्र घेऊन घरीं कां करूं नये? हा आमच्या वक्त्यांचा खरा मुद्दा आहे आणि त्याचा समाचार घेतला पाहिजे. हल्लींच्या मोबाईलमधील कॅमेरा एकाच क्षणीं अनेक छायाचित्रें घेतो आणि त्यांची अशी गोळाबेरीज करतो कीं, सांवली फार काळी राहूं नये आणि उजेड फार पांढरा होऊं नये. तो आपली सोय पाहतो. परंतु आमच्या भागांतील दुपारचें ऊन हें गैरसोयीचेंच ऊन आहे. तें जर सोयीचें करून टाकलें तर राहिलें काय? काळ्या मातीचीं छायाचित्रें मीं घरीं नेऊन पाहिलीं आहेत: एकांत ती काजळी होते, दुसऱ्यांत गुळासारखी. शिवाय दोन तासांत ढग सरकतो, सांवली फिरते, गुरें येतात आणि जातात, आणि मनुष्य यांतील कोणतें ठेवावें, कोणतें सोडावें हें ठरवीत असतो. हें ठरविणें म्हणजेच चित्र. रझांचें उदाहरण देऊन कोणी म्हणेल कीं, स्मृतीवरून काढतां येतें. सय्यद हैदर रझा १९२२ सालीं मंडला जिल्ह्यांत, वनखात्यांतील नोकराच्या घरीं जन्मले, नागपूरच्या कलाशाळेंत शिकले, १९५० सालीं फ्रान्सला गेले आणि साठ वर्षें तेथें राहिले. तरी २०१६ सालीं त्यांना त्यांच्या इच्छेप्रमाणें मंडल्यासच पुरलें. त्या जंगलाची त्यांना पुरलेली पुंजी बालपणीं तेथें राहून मिळविलेली होती. शंभर किलोमीटरांच्या वेगानें जातांना खिडकींतून टिपलेली नव्हती.

याहून मोठी गोष्ट अशी कीं, बसलेल्या माणसाजवळ लोक येतात. मोबाईल उंच करून अर्ध्या मिनिटांत निघून जाणाऱ्याशीं कोणी बोलत नाहीं. दोन तास एका जागीं बसा, गुराखी येतो, शाळेंतलीं मुलें येतात, आणि शेताचा मालक तर येतोच, कारण आपल्या धुऱ्यावर हा कोण बसला आहे, ही चौकशी करणें त्याचें कर्तव्यच आहे.

तीन वर्षांपूर्वीं दिवाळीनंतर कळंब-राळेगांव रस्त्याच्या कडेला मी कपाशीचें एक शेत काढीत होतों. त्या वर्षीं पानांवर विलक्षण सुंदर तांबडा रंग आला होता. कडेपासून आंत पसरत जाणारा, शिरा तेवढ्या हिरव्या ठेवणारा. मीं पेटींतील दोन्ही तांबडे रंग त्यांत खर्च केले आणि मनांत म्हटलें, युरोपांतील शरद् ऋतूचा बडेजाव सांगणाऱ्यांनीं हें पाहावें. इतक्यांत एक वृद्ध शेतकरी येऊन मागें उभे राहिले. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "कोनाच्या घरचे जी तुमी?" मीं वडिलांचें नांव सांगितलें. त्यांना तें ठाऊक होतें. मग कागदाकडे बोट करून ते म्हणाले, "हे लाल काढलं ते बरं काढलं. पन हा लाल्या हाय जी. तुमाले पाहून बरं वाटते, आमाले झोप नाई येत."

लाल्या म्हणजे कपाशीचें पान तांबडें पडण्याचा विकार. जमिनींत मॅग्नेशियमसारख्या द्रव्यांची उणीव, रात्रीची अकस्मात् पडलेली थंडी अशीं त्याचीं कारणें सांगतात; बोंडें भरत नाहींत, पीक बसतें. हें सर्व त्यांनीं मला तेथेंच धुऱ्यावर बसून समजावून दिलें. मी शेतकऱ्याचा नातू, आणि मला हें ठाऊक नव्हतें. त्यांच्या नुकसानीला मी शरद् ऋतु म्हणत होतों.

चित्र मीं फाडलें नाहीं. रंग खरा होता, आणि तो तसाच दिसत होता. कॉन्स्टेबल कागदाच्या पाठीवर वाऱ्याची दिशा लिही. मीं त्या कागदाच्या पाठीवर तारीख, वेळ आणि त्या वृद्धांनीं सांगितलेलें सर्व लिहून ठेवलें. छायाचित्र घेऊन मी पुढें गेलों असतों तर पुण्यांत पंख्याखालीं बसून तें तांबडें पान अधिकच सुंदर रंगविलें असतें, भिंतीवर लावलें असतें, आणि त्याखालीं "वऱ्हाडांतील शरद्" अशी चिठ्ठी डकवली असती. आमच्या वक्त्यांच्या शास्त्रांत या चुकीला दुरुस्ती नाहीं.

याच ठिकाणीं दुसऱ्या बाजूनें येणारा एक आक्षेप मला घेतला पाहिजे, आणि तो वक्त्यांच्या आक्षेपाहून फार अवघड आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानें, जो आमच्याच जिल्ह्यांतला आहे, तीं चित्रें पाहून मला विचारलें, "सर, जिथं शेतकरी कर्जापायीं औषध पितो, तिथं तुम्ही पळस रंगवत बसतां?" मी निरुत्तर झालों. आजही त्याला पुरें उत्तर माझ्याजवळ नाहीं, आणि तसा आव मी आणणार नाहीं. चित्रानें कर्ज फिटत नाहीं. पण उलट बाजूही पाहावी. यवतमाळ जिल्ह्याचें नांव उर्वरित महाराष्ट्राच्या कानीं केव्हां पडतें? आत्महत्यांच्या आंकड्यांत पडतें. २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी व मजूर दगावले, तेव्हां पडलें. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं राळेगांव तालुक्यांत बोराटीजवळ टी-वन नांवाची वाघीण गोळी घालून मारली, तेव्हां तर सगळ्या जगाच्या वर्तमानपत्रांतून पडलें. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. पुण्यामुंबईंतील सुशिक्षितांनीं वाघिणीसाठीं मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि त्यांतील बहुतेकांना राळेगांव नकाशावर दाखवितां आलें नसतें. मेलेल्या माणसांच्या गांवचें जंगल कसें दिसतें, गुराखी त्यांत कोणत्या वेळीं शिरतो आणि शिरल्यावांचून त्याचें कां भागत नाहीं, याची कल्पना तर दूरच. जो मुलूख संकटावांचून कधीं डोळ्यांसमोर आला नाहीं, त्याच्या संकटाविषयीं आपण जें बोलतों तें असेंच वरवरचें असतें. माझ्या विद्यार्थ्याचा राग मला मान्य आहे. पण पळस न काढल्यानें तो राग शमेल असें मला वाटत नाहीं, आणि त्यालाही वाटत नसावें. जातांना त्यानें लाल्याचें चित्र मागून घेतलें. पाठीवरचें त्यानें आधीं वाचलें.

आतां प्रवास सोपा झाला आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि उरलेला शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. ७०१ किलोमीटरांचा हा रस्ता. पुण्याहून येणाऱ्यानें जालन्याजवळ त्यावर चढावें आणि कारंजाजवळ उतरावें. मोटारींना ताशीं १२० किलोमीटरांची मुभा आहे, आणि वाटेंत थांबण्यास मनाई. रस्ता उत्तम आहे, आजाऱ्याला नागपूरला पोहोंचविणाऱ्याला तो वरदान आहे, आणि मी त्याविरुद्ध एक शब्दही लिहिणार नाहीं. मात्र सिंदखेडराजा, मेहकर, मालेगांव हीं गांवें त्या रस्त्यावरून जातांना निव्वळ पाट्या होतात. प्रवासाचा वेळ निम्म्यावर आला. वांचलेल्या वेळाचें आपण काय केलें, हें ज्याचें त्यानें आठवून पाहावें. मी तो वेळ कारंजाच्या पुढें खर्च करतों.

तो खर्च करण्यास मी उशीर केला. गांवाकडच्या रस्त्यावर आमच्या लहानपणीं दोहों बाजूंस कडुनिंबाचीं आणि चिंचेचीं मोठीं झाडें होतीं. वरून फांद्या एकमेकांत मिसळलेल्या, आणि बंडींत उताणें पडून जातांना ऊन आणि सांवली डोळ्यांवरून एकाआड एक सरकत जाई. रस्ता रुंद करावयाचा ठरला आणि दोन दिवाळ्यांच्या मधल्या काळांत तीं झाडें गेलीं. त्या वर्षीं मीं घरांतील सगळे जुने आल्बम काढून बसलों. लग्नें होतीं, मुंजी होत्या, पहिल्या मोटारीसमोर उभे राहिलेले काका होते. काकांच्या डोक्यावर एका फांदीचा तुकडा आहे, हातभर. तीं झाडें आमच्या चार पिढ्यांनीं पाहिलीं, आणि कोणाजवळही त्यांचें एक चित्र नाहीं. मी चित्रें काढणारा, माझ्याजवळही नाहीं. त्या वीस वर्षांत मीं काढलेले मेणवलीचे घाट मोजले. ते एकतीस भरले.

येत्या दिवाळींत मी पुन्हां जाणार आहें. आमच्या विद्वान् वक्त्यांना माझें आग्रहाचें निमंत्रण आहे. मोटारींत एक जागा रिकामी असते, आणि आमच्या सौ.ना बोलावयास कोणी मिळालें तर त्या भोंगा उशिरां वाजवितील. कागद, कुंचले आणि ग्लिसरिनची बाटली मी देईन. अट एकच कीं, कारंजाच्या पुढें मी दर दहा-पंधरा किलोमीटरांवर मोटार थांबवीन, आणि थांबल्यावर त्यांनीं खालीं उतरलें पाहिजे.